तेरवी आटोपल्यावर



कापसाचे वेचे सुरू आहेत. दिवसभर वाकून कंबर धरली असेल. स्वयंपाक करता करता ऐकत असाल, तर ऐकता ऐकता होईल एवढंच मी बोलणार आहे. आज विषय आहे नाटकाचा.

नाटक म्हटलं की आपल्याला वाटतं, ते पुण्या-मुंबईकडचं, तिकीट काढून खुर्चीवर बसून पाहायचं. पण आज मी ज्या दोन नाटकांबद्दल सांगणार आहे, ती आपल्याच भागातली आहेत. आणि दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. ती म्हणजे तेरवी.

पहिलं नाटक 'वाडा चिरेबंदी'. ते महेश एलकुंचवारांनी लिहिलं. त्यांचा जन्म १९३९ साली पारव्याला झाला. पारवा म्हणजे आपल्या आर्णीला लागून असलेल्या घाटंजी तालुक्यातलं गाव. १९८५ साली विजया मेहतांनी हे नाटक रंगभूमीवर आणलं. गोष्ट साधी आहे. विदर्भातल्या एका गावात देशपांड्यांचा जुना वाडा आहे. घरातले तात्याजी वारले आहेत. मुंबईचा मुलगा आणि सून घरी आले आहेत. हातात पैसा नाही, अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर उभा आहे. तरी तेरवी मात्र घराण्याच्या नावाला शोभेल अशी व्हायला पाहिजे! त्या खर्चापायी घरातले एकमेकांवर उखडतात. त्याच घरात प्रभा नावाची मुलगी आहे. तिला पुढे शिकायचं होतं, पण शिकू दिलं नाही. मुलीच्या शिक्षणाला जे घर तयार झालं नाही, ते तेरवीसाठी काहीही करायला तयार आहे.

आपल्याकडे असं पाहिलं नाही, असं कोणी म्हणेल का? माणूस दवाखान्यात असताना पैसा मिळत नाही आणि तेरवीला उसनवारी करून पंगती उठतात. पाहुणे जेवून घरी जातात, कर्ज मात्र घरीच राहतं. ते फेडायला कोण राहते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

दुसरं नाटक इथूनच सुरू होतं. त्याचं नावच 'तेरवं'. श्याम पेठकरांनी ते लिहिलं आणि हरीश इथापेंनी बसवलं. वर्ध्याच्या 'अध्ययन भारती' या लहानशा संस्थेनं ते उभं केलं. या नाटकात कामं कोणी केली? ज्यांच्या घरच्या शेतकऱ्यानं आत्महत्या केली, त्या बायांनी आणि लेकींनी. पूर्वी कधी रंगमंचावर पाय न ठेवलेल्या या बाया होत्या. ज्यांना चार माणसांत पुढे बसू देत नाहीत, त्या शेकडो लोकांसमोर उभ्या राहून बोलू लागल्या.

त्यांच्यातल्याच एक वैशाली येडे. कळंब तालुक्यातल्या राजूरच्या. २०११ साली त्यांच्या पतीनं आत्महत्या केली. पदरात लहान लेकरं होती. कष्ट करून त्यांनी घर सांभाळलं आणि पुढे 'तेरवं'मध्ये काम केलं. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, ९२ वं. आधी बोलावलेल्या मोठ्या लेखिकेचं निमंत्रण मागे घेतलं गेलं, त्यावरून मोठा वाद झाला. शेवटी उद्घाटनाला वैशालीताईंना बोलावलं. अडचणीच्या वेळी दूर दिल्लीची नाही, गल्लीतलीच बाई कामी येते, असं त्या बोलल्या आणि ते वाक्य महाराष्ट्रभर गेलं.

माझ्या मते, त्यांना हा धीर एका दिवसात आला नाही. नाटकाच्या तालमीत बाई रोज उभी राहते, मान वर करून बोलते, चुकली तर पुन्हा बोलते. हीच सवय पुढे तहसीलमध्ये, बँकेत, ग्रामसभेत कामी येते.

आता आपल्या गटाकडे या. प्रत्येक गटात नवरा गेलेली एक तरी मैत्रीण असते. ती हप्ता वेळेवर भरते, हिशेब चोख ठेवते. पण संक्रांतीचं हळदीकुंकू निघालं की ती घरी थांबते किंवा दाराशी उभी राहते. आपण तिला हाकललेलं नसतं, पण बोलावलेलंही नसतं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही. त्यानंतर सरकारनंही इतर गावांना तसं आवाहन केलं. ठराव कागदावर होतो, पण वाण देणारा हात आपलाच असतो.

म्हणून माझं एक सांगणं आहे. यंदा वेचे आटोपले, की गटात पंधरा मिनिटांचं एक नाटुकलं बसवा. त्याला स्टेज लागत नाही, पडदा लागत नाही. समाजमंदिराची ओसरी किंवा शाळेचं अंगण पुरे. आपल्याच बोलीत बोला. विषय घ्या, 'तेरवी आटोपल्यावर'. एक बाई जाऊबाई होईल, एक सासू, एक सावकार, एक तलाठी. कर्जाची चिठ्ठी कोणाजवळ आहे, सातबाऱ्यावर बाईचं नाव चढलं का, लेकीची शाळा सुटली का, हे सारं त्यात येऊ द्या. वारस नोंदीची गोष्ट तर नक्की दाखवा. नवऱ्याच्या स्वतःच्या जमिनीत कायद्यानं बायकोचा वाटा लेकरांएवढाच असतो. मृत्यूचा दाखला जोडून अर्ज करायचा आणि फेरफार झाला, की सातबारा हाती घेऊन आपलं नाव डोळ्यांनी पाहायचं. 'दीर सगळं पाहतील' म्हणून बसून राहायचं नाही.

दोन गोष्टी सांभाळा. गावातल्या कोण्या बाईचं खरं नाव किंवा ओळखू येईल असा प्रसंग तिच्या परवानगीशिवाय घेऊ नका. तिचं दुःख ही आपली करमणूक नाही. आणि जिच्यावर बेतलं आहे, तिला बोलायची जबरदस्ती करू नका. तिला नुसतं बसून पाहायचं असेल तर पाहू द्या, ढोलकी वाजवायची असेल तर वाजवू द्या. बोलावंसं वाटेल त्या दिवशी ती बोलेल.

नाटुकलं संपलं की लगेच उठू नका. पाहणाऱ्यांना विचारा, 'तुम्ही तिच्या जागी असता तर काय केलं असतं?' खरा कार्यक्रम तिथून सुरू होतो. माणसांनाही बोलवा, मागे का होईना बसू द्या.

एका गटाचं जमलं, तर दुसऱ्या गावचा गट म्हणेल, आमच्याकडे या. दोन-तीन गावांत प्रयोग झाले, तर ग्रामसंघाच्या बैठकीतही करा. अन् संक्रांतीला त्या मैत्रिणीच्या घरी आधी जा, तिला हाताला धरून आणा आणि पहिलं वाण तिच्या ओटीत घाला.

इथंच थांबते. भाकरी करपली नसेल अशी आशा करते. नमस्कार.