नाताळ आणि उघडे दार



वैशाखाच्या उकाड्यात नाताळवर बोलावयाचे, हे काहींना अवेळी वाटेल. परंतु ऑस्ट्रेलियातील लोक हा सण भर उन्हाळ्यातच साजरा करतात. तेव्हा हवेची सबब आम्हांला पुढे करता येणार नाही. आपल्याकडे नाताळ म्हटला की बर्फ, सजवलेले झाड आणि केक एवढेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते, आणि हा ‘साहेबाचा सण’ असे म्हणून आपण मोकळे होतो. ही समजूत कितपत खरी, ते प्रथम पाहू.

ज्या इंग्लंडातून साहेब आला, तेथील पार्लमेंटाने १६४७ साली हा सण चक्क बंद केला होता. बायबलात ज्याची आज्ञा नाही तो सण पाळू नये, असे कडव्या प्यूरिटन पंथीयांचे म्हणणे. त्यांच्याच बांधवांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत १६५९ साली नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठेवला. तो कायदा १६८१ मध्ये उठला. स्कॉटलंडात तर नाताळची सार्वजनिक सुट्टी १९५८ साली मिळाली. आणि झाड? ती मुळात जर्मन लोकांची चाल. व्हिक्टोरिया राणीच्या घरच्या झाडाचे चित्र १८४८ साली लंडनच्या एका साप्ताहिकात छापून आले, आणि मग इंग्रज घरोघरी त्याची हौस पसरली. म्हणजे साहेबाच्या घरीही या सणाचा थाट बराचसा बाहेरूनच आलेला!

बरे, सणाची तिथी तरी सर्वांची एक आहे काय? येशूच्या जन्माची तारीख बायबलात दिलेलीच नाही. खुद्द बेथलेहेमात हा सण तीनदा होतो. कॅथॉलिक व प्रॉटेस्टंट २५ डिसेंबरला तो करतात. ग्रीक ऑर्थोडॉक्स आदी पंथ जुने जूलियन पंचांग पाळतात. ते आज तेरा दिवस मागे असल्याने त्यांचा नाताळ ७ जानेवारीला येतो. आर्मेनियन मंडळी ६ जानेवारी मानतात, तीही जुन्या पंचांगाची. म्हणून तेथे त्यांचा सण १९ जानेवारीला पडतो. एकच गाव, एकच जन्मस्थान, आणि जन्मदिवस तीन.

मग सर्वत्र समान असे राहिले काय? राहिली ती कथा. नावनिशी नोंदविण्यासाठी योसेफ व गरोदर मरिया परगावी आली; उतारशाळेत त्यांना जागा मिळाली नाही; आणि बाळाला गव्हाणीत निजवावे लागले. कथेच्या आरंभीच एक बंद दार आहे. आमच्या मते देशोदेशीच्या कित्येक चालींचे मर्म या बंद दारात आहे. प्रत्येक समाज आपापल्या रीतीने ते उघडू पाहतो.

मेक्सिकोतील लोकांनी ही कथा दारातच उभी केली आहे. १६ ते २४ डिसेंबर अशा नऊ रात्री तेथे ‘पोसादा’ चालतात. पोसादा म्हणजे उतरण्याची जागा. मेणबत्त्या घेतलेले लोक एखाद्या घरापुढे उभे राहून गाण्यातून आसरा मागतात. आतली मंडळी गाण्यातूनच नकार देतात. अशी सवालजबाबांची देवघेव होते आणि अखेर दार उघडते. मग प्रार्थना, खाणेपिणे, आणि मुलांसाठी डोळे बांधून काठीने फोडावयाचे खाऊने भरलेले मडके.

पोलंडात २४ डिसेंबरच्या संध्याकाळी आकाशात पहिली चांदणी दिसल्यावर घरची मंडळी जेवावयास बसतात. मेजावरील चादरीखाली गव्हाणीची खूण म्हणून थोडे वाळलेले गवत पसरलेले असते, आणि एक ताट जास्त मांडलेले असते. ते कोणाचे? जो अवचित येईल त्याचे. आयर्लंडात त्याच रात्री खिडकीत मेणबत्ती लावतात, मरिया आणि योसेफ यांना येथे आसरा आहे हे कळावे म्हणून.

आणि हे सारे दूरदेशीचेच आहे असे नव्हे. ‘नाताळ’ हा आपला शब्द पोर्तुगीज भाषेतून आला. गोव्यात नाताळला नेवऱ्या, दोदोल, बिबिंक असा फराळ शेजाऱ्यांकडे जातो, त्यात हिंदू शेजारीही आले. आणि चवथीला, दिवाळीला उलट दिशेने ताट येते. नेवरी म्हणजे आपली करंजीच. ती दोन्ही ताटांत असते. याच गोव्यात राचोल येथे फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. स्टीफन्स जन्माने इंग्रज. त्यांच्या मायदेशी सणावर बंदी आली त्याच्या एकतीस वर्षे आधी ही जन्मकथा मराठी ओवीत येथे छापून झाली होती. मग परका तो कोण?

येथवर आपणांस हे सर्व गोड वाटले असेल. परंतु गाण्यातले दार उघडणे सोपे, रिकामे ताट मांडणेही सोपे. अवचित पाहुणा खरोखरीच आला, तर त्याला त्या ताटावर बसविणार काय, ही खरी कसोटी. ती पोलंडची आहे तशी आपलीही आहे. आडनाव विचारून, जात-धर्म पाहून, स्वयंपाकघरात काय शिजते याची चौकशी करून भाड्याची खोली नाकारणारे लोक आपल्या शहरांतून आहेत. “जागा नाही” हे उत्तर त्यांच्या तोंडी तयारच असते; जागा असते, देण्याची इच्छा नसते. अतिथीला देव मानावे असे शिकविणाऱ्या समाजाला हे शोभते काय?

२०२३ साली गाझातील युद्धामुळे बेथलेहेमात नाताळची रोषणाई झाली नाही. तेथील एका ल्यूथरन देवळात बाळाची मूर्ती गव्हाणीऐवजी दगडविटांच्या ढिगाऱ्यात ठेवली होती. बेघरांची ती कथा अद्याप जुनी झालेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

तेव्हा नाताळ कोणाचा, या वादात आम्ही शिरत नाही. येत्या डिसेंबरात शेजारून फराळाचे ताट आले, तर ते आनंदाने घ्यावे आणि रिकामे परत धाडू नये. आणि एखादे परके कुटुंब खोली विचारीत आले, तर आडनावाच्या आधी त्याची गरज विचारावी.