आमची नेपाळची यात्रा आणि घरची चूल

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणीतरी शिकलेल्या बाई आपल्यापुढे बोलतात. यंदा चिटणीसबाईंनी मला उभे केले. माझी शाळा सातवीला संपली, त्यामुळे भाषण असे मला येत नाही. पण त्या म्हणाल्या, "तुम्ही चौदा माणसे घेऊन परदेशी जाऊन आलात ना, तेवढेच सांगा." तेवढेच सांगते.

परदेश म्हटला की विमान आणि बर्फ डोळ्यांपुढे येतो. आमचा परदेश म्हणजे नेपाळ. आपल्या लोकांना तेथे पारपत्र लागत नाही, मतदानाचे ओळखपत्र जवळ असले की झाले. आम्ही गेलो २०२४ च्या मे महिन्यात. त्याआधी २६ एप्रिलला आपल्याकडे लोकसभेचे मतदान झाले होते, त्यामुळे सगळ्यांची ओळखपत्रे कपाटात वरच सापडली. एरवी चौदा माणसांची चौदा कागदपत्रे शोधण्यातच मृग उजाडला असता.

आता चौदा कोण ते सांगते. सासूबाई एक. मोठे दीर, मोठ्या जाऊबाई आणि त्यांची दोन मुले. आम्ही दोघे आणि आमची तीन. धाकटे दीर, धाकटी जाऊ आणि त्यांची दोन. घर एक, चूल एक. पण त्या साली माघापासूनच चूल वेगळी करण्याचे बोलणे सुरू झाले होते. कोणाच्या मुलाच्या शिक्षणाला घरातून किती पैसा गेला, यावरून दोनदा मोठे बोलणे झाले. तपशिलात जात नाही, घरोघरी तो सारखाच असतो. मी आणि मोठ्या जाऊबाई एकाच ओट्यावर स्वयंपाक करीत होतो, पण बोलणे मुलांच्या मार्फत. "आईला सांग, वरण झाले." असे तीन महिने चालले.

अक्षय तृतीयेच्या दिवशी वाटणी लिहायची ठरली. त्याआधी एका रात्री सासूबाईंनी तिघा मुलांना बोलावले. हातातली पाटली काढून पुढे ठेवली आणि म्हणाल्या, "वाटे करा, मी नाही म्हनत नाही. पन या एका पाटलीचे तीन तुकडे कसे करान? इकून टाका, अन् साऱ्यायले एकदा पशुपतिनाथाले घेऊन चला. मंग या अन् खुशाल वेगळे व्हा." मामंजींनी केलेल्या दोन पाटल्यांपैकी ती एकच उरली होती. दुसरी नणंदेच्या लग्नात गेली. पशुपतिनाथाला जायचे मामंजींच्या मनात होते, ते राहून गेले होते. तिघेही भाऊ गप्प बसले. सराफाकडे पाटली घेऊन मोठे दीर गेले, कारण धाकट्यांना ते धैर्य होईना.

अक्षय तृतीयेला मामंजींच्या नावाची घागर भरली आणि दोन दिवसांनी निघालो. म्हैस चुलत दिरांकडे दिली. वाटेसाठी तिखट-मिठाच्या पुऱ्या, दशम्या, जवसाची चटणी, चिवडा आणि ज्वारीचे पीठ घेतले. आणखी एक काम होते ते नोटांचे. त्या वेळी नेपाळात आपल्या शंभरापर्यंतच्याच नोटा चालत. २०१८ च्या डिसेंबरात त्यांच्या सरकारने त्यावरच्या नोटांवर बंदी घातली होती. म्हणून शंभराच्या नोटांची पुडकी करून आम्ही तिघी जावांनी ती परकराच्या आतल्या खिशांत शिवून घेतली. शिवताना एकीला दुसरीची सुई लागतेच, तेव्हा पहिले बोलणे तेथेच झाले. "सुई द्या," एवढेच.

नागपूरहून रेल्वेने गोरखपूर, तेथून बसने सोनौली. ही आपली शेवटची वेस. एक मोठी कमान, तिच्याखालून पायी चालत गेलो की परदेश. सासूबाई कमानीपलीकडे दहा पावले गेल्या, मागे वळून पाहिले आणि म्हणाल्या, "बाप्पा, हेच काय परदेस? धूळ तं आपलीच हाय." तेथे आपले शंभर रुपये दिले की त्यांचे एकशेसाठ मिळतात. मुले एकदम श्रीमंत झाल्यासारखी वागू लागली. घड्याळही तेथे आपल्यापेक्षा १५ मिनिटे पुढे. सासूबाईंनी मात्र आपले घड्याळ वर्ध्याच्याच वेळेवर ठेवले. वर्षही वेगळे. त्यांचा विक्रम संवत, म्हणून दुकानांच्या पाट्यांवर २०८१ साल पाहून धाकटी जाऊ घाबरलीच. आणि सुटी रविवारी नाही, शनिवारी.

पहिला मुक्काम लुंबिनी. आमच्या शेजारच्या बौद्ध घरातील काकूंनी निघताना माझ्या हातावर ५० रुपये ठेवले होते, तेथे माझ्या नावाने दिवा लाव म्हणून. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी दीक्षा दिली, तेव्हा काकूंचे सासरे वर्ध्याहून गेले होते, असे त्या नेहमी सांगतात. त्यानंतर महिनाभराने बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले होते, आणि ६ डिसेंबरला ते आपल्यातून गेले. लुंबिनीत मायादेवीचे मंदिर आहे, शेजारी पुष्करिणी आणि सम्राट अशोकाचा स्तंभ. मंदिरात अनवाणी जावे लागते. उन्हाने फरशी अशी तापली होती की चौदा माणसे उड्या मारीत आत गेली. आत बुद्धांचे जन्मस्थान दाखविणारा दगड काचेखाली ठेवला आहे. दिवा मी बाहेर लावला. मोठ्या जाऊबाईंनी वाऱ्याला हाताचा आडोसा धरला. त्यांना कोणी सांगितले नव्हते.

काठमांडूचा रस्ता मात्र जिवावर येतो. नारायणगढपासून मुगलिंगपर्यंत एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला नदी. बस चढावर थांबली की पोटात गोळा येई. माझ्या धाकटीला उलट्या सुरू झाल्या. मी खिडकीपाशी मोठ्याला धरून बसलेले. वळून पाहते तो तिचे डोके जाऊबाईंच्या मांडीवर, आणि त्या तिच्या कपाळाला आल्याचा रस चोळताहेत. सात-आठ तास तसेच. त्यांचे नवे लुगडे खराब झाले, त्याबद्दल त्या नंतरही काही बोलल्या नाहीत.

पशुपतिनाथाचे दर्शन पहाटे झाले. बागमतीच्या काठी मंदिर, आणि समोर आर्यघाटावर चिता जळत असतात. एका बाजूला आरती, दुसऱ्या बाजूला रडणे. सासूबाई खूप वेळ घाटाकडे पाहत बसल्या. मामंजींच्या नावाने त्यांनी पाण्यात फूल सोडले. एक मनात आले ते बोलून टाकते. मुख्य मंदिरात हिंदूंशिवाय कोणाला जाऊ देत नाहीत. आपल्या वर्ध्यात जमनालालजी बजाजांनी १९२८ सालीच लक्ष्मीनारायण मंदिर हरिजनांना खुले केले. त्या गावची मी, म्हणून दारावरची पाटी वाचून मला बरे वाटले नाही. देव चांगला, पाटी नाही.

आम्ही उतरलो त्या घरची बाई भूकंपाची हकिकत सांगे. २५ एप्रिल २०१५, दुपारी बाराला चार मिनिटे कमी. सुमारे ९,००० माणसे नेपाळात गेली. तो शनिवार होता, शाळा बंद होत्या, म्हणून मुले वाचली, असे तेथे सगळेच म्हणतात. त्या बाई तीन महिने ताडपत्रीखाली सासू, दोन जावा आणि सगळ्यांची मुले यांच्यासह राहिल्या. "तेव्हा चूल एक होती," त्या हिंदीत म्हणाल्या, "आता चार आहेत." आमच्यापैकी कोणी कोणाकडे पाहिले नाही.

बसंतपूरला कुमारीचे घर आहे. शाक्य घराण्यातील लहान मुलगी निवडून तिला जिवंत देवी मानतात. तिचे पाय जमिनीला लागू देत नाहीत. ती वयात आली की देवीपण संपते आणि तिला आईबापांच्या घरी पाठवितात, मग दुसरी मुलगी आणतात. माझ्या धाकटीने विचारले, "आई, घरी गेल्यावर तिला भांडी घासायला लावत असतील का?" सगळे हसले. मला मात्र तो प्रश्न रात्रभर पुरला. इतकी वर्षे पूजा घेतलेल्या पोरीने पहिल्या दिवशी झाडू कसा धरला असेल?

धाकट्या दिरांना इतिहासाचे वेड. थापाथळी भागातून बस गेली तेव्हा त्यांनी सांगितले की १८५७ नंतर नानासाहेब पेशव्यांच्या घरातील स्त्रिया येथे आसऱ्याला होत्या. १८५९ च्या सुमारास नानासाहेब नेपाळच्या जंगलात शिरले, आणि त्यांच्या पत्नी काशीबाई व दुसऱ्या बाजीरावांच्या विधवा यांना जंगबहादूर राणांनी येथे राहू दिले. म्हणजे आपल्याआधी सुमारे एकशेपासष्ट वर्षांमागे एक मोठे मराठी घर याच रस्त्याने आले. आमच्याजवळ परतीची तिकिटे होती. त्या बायकांनी परमुलखात तुळस कोठे लावली असेल, कुळाचार कसे केले असतील, हे कोणी लिहून ठेवले असेल तर मला वाचायचे आहे.

पोखऱ्याला फेवा तलाव. समोर माछापुच्छ्रे शिखर, माशाच्या शेपटासारखे, ६,९९३ मीटर उंच. मे महिन्यात ढगच फार, पण एका पहाटे अर्धा तास ते दिसले. चौदाही जण गच्चीवर गोधड्या पांघरून उभे होतो. त्याच दिवशी डोंगरावरच्या स्तूपाला गेलो. पांढरा, वर सोनेरी मूर्ती. सासूबाईंनी हात जोडले आणि म्हणाल्या, "हा तं आपल्या गोपुरीचा हाय! इथं कोनं आनला?" म्हाताऱ्या माणसाचे चुकत नाही. वर्ध्यात गीताई मंदिराशेजारी जो विश्वशांती स्तूप आहे, तो आणि पोखऱ्याचा, दोन्ही जपानच्या फुजी गुरुजींच्या संघाने उभे केलेले. हे गुरुजी १९३३ साली वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले होते, आणि त्यांचा जपानी मंत्र सेवाग्रामच्या प्रार्थनेत आजही म्हणतात. हजार मैल चालून आलो आणि पुढे आपल्याच गावचे निघाले. जाऊबाई मला म्हणाल्या, "उगीच पैसे खर्च केले म्हणायचे." तीन महिन्यांनी त्यांनी माझ्याशी केलेला हा पहिला विनोद.

त्या रात्री उतरण्याच्या जागी स्वयंपाकघर वापरू देत होते. दहा दिवस डाळ-भात-तरकारी खाऊन मुले कंटाळली होती. त्यांचा गुंद्रुकाचा रस्सा मला आवडला, आमच्या ह्यांना नाही. ज्वारीचे पीठ काढले. मी भाकरी थापल्या, जाऊबाईंनी पिठले केले, धाकटीने ठेचा वाटला. घरमालकीणबाई भाकरी हातावर फिरताना पाहायला उभ्या राहिल्या. एकही शब्द मुलांच्या मार्फत गेला नाही.

आणि मग परत. वर्ध्याला उतरलो तेव्हा ऊन म्हणजे भट्टी. कुलूप उघडले तो घरभर बोटभर धूळ, मुंग्यांनी गुळाचा डबा लुटलेला, तुळस वाळून काडी. म्हैस आठ दिवस नीट पान्हवली नाही. चौदा माणसांचे धुणे दोन दिवस पुरले. तेरा-चौदा दिवस ज्यांना कोणी 'पाणी आण' म्हटले नव्हते, त्या आम्ही तिघी पहिल्याच सायंकाळी ओट्याशी उभ्या होतो, आणि बाकी अकराजण पंख्याखाली नेपाळच्या गोष्टी शेजाऱ्यांना सांगत होते. तेव्हा मला ती कुमारी आठवली. काकूंना दिव्याचे छायाचित्र दाखविले. त्यांनी ते डोळ्यांना लावले.

चौथ्या दिवशी भाऊ लिहायला बसले. बायांनो, तुम्हाला वाटत असेल की यात्रेने वाटणी टळली. टळली नाही. पोळ्यानंतर चुली वेगळ्या झाल्या, एक वरच्या मजल्यावर, दोन खाली. पण लिहिताना आवाज चढला नाही. मुलांच्या शिक्षणाचा हिशेब काढायचाच नाही, असे मोठ्या दिरांनी स्वतः सांगितले, आणि जाऊबाईंनी दाराआडून मान हलविलेली मी पाहिली. चौदा माणसांचा भात शिजे तो मोठा गंज कोणाच्या वाट्याला घालायचा, यावर मात्र अर्धा तास गेला. कोणालाच नको होता, तिघींच्याही ओट्यावर तो बसत नव्हता. सासूबाई म्हणाल्या, माळ्यावर ठेवा. तो भाद्रपदात महालक्ष्म्यांना खाली आला, आणि उन्हाळ्यात कुरडयांच्या चिकाला पुन्हा आला.

सासूबाईंनी महिना-महिना पाळी लावून घेतली नाही. रोज सकाळी तिन्ही घरी काय शिजते ते विचारतात आणि जेथे पिठले असेल तेथे जेवतात. त्यामुळे तिघीही हल्ली फार पिठले करतो. हात रिकामा दिसतो म्हणून ह्यांनी त्यांना बांगडी घेऊ का विचारले. "घ्यायची असंन तं तीन घ्या, सारख्या," असे उत्तर आले. अजून घेतलेली नाही.

खर्च सगळा मिळून दीड लाखाच्या आत बसला. कोणा भगिनीला जायचे असेल तर माझ्याजवळ वहीत गाड्या, मुक्काम आणि पै-पैचा हिशेब लिहिलेला आहे, दुपारी तीननंतर केव्हाही या. नोटांचे नियम मात्र निघण्याआधी बँकेत नव्याने विचारून घ्या, ते बदलत राहतात. आणि ज्वारीचे पीठ दोन किलो जास्त न्या. आम्हाला कमी पडले.