फॉकलंडचं कोर्ट आणि आपलं मैदान

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



'परदेशातले अनुभव सांग, पण पाच मिनिटांत' असा हुकूम आहे. मी एकाच खेड्याविषयी सांगते, कारण शेवटी मला आपल्या मैदानाविषयी बोलायचं आहे.

मी स्कॉटलंडमध्ये डंडीला राहते. तिथून गाडीने पाऊण तासावर, फाइफ भागात, फॉकलंड नावाचं छोटं गाव आहे. ज्या बेटांवरून १९८२ साली युद्ध झालं, त्यांच्या नावाचं मूळ शोधत गेलं तर ते याच गावापाशी सापडतं. जुन्या घरांच्या दारांवर, आपल्याकडे गणेशपट्टी असते तिथे, नवराबायकोच्या नावांची आद्याक्षरं आणि सन दगडात कोरलेले दिसतात. १९७० साली स्कॉटलंडमधलं पहिलं संवर्धन क्षेत्र म्हणून हे गाव जाहीर झालं. गावात स्टुअर्ट राजांचा वाडा आहे, आणि वाड्याच्या बागेत पाचव्या जेम्स राजाने १५३९ साली बांधायला घेतलेलं टेनिसचं कोर्ट.

हे टेनिस म्हणजे आजच्या टेनिसचा आजोबा. भोवती उंच भिंती, वर आभाळ. पाऊस आला की खेळ बंद, आणि स्कॉटलंडमध्ये पाऊस केव्हाही येतो! सर्व्हिस बाजूच्या उतरत्या छपरावर करायची. तिथून चेंडू घरंगळत पलीकडे पडतो. चेंडू भरीव, हाताने शिवलेला, लागला तर चांगलाच लागतो. एका भिंतीत भोकं आहेत, त्यांतून चेंडू गेला की गुण मिळतो.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा वाटलं होतं, दोरी बांधलेली असेल, 'हात लावू नये' अशी पाटी असेल. आत पाहते तर दोन माणसं घामाघूम होऊन खेळत होती. पावणेपाचशे वर्षांच्या भिंतींवर चेंडू आदळत होता आणि कुणी त्यांना ओरडत नव्हतं. तिथे त्या खेळाचा क्लबच आहे.

तिथून दोन मैलांवर फ्रूखी हे आणखी एक खेडं. असं सांगतात की राजाच्या मर्जीतून उतरलेल्या दरबाऱ्याला तिकडे पिटाळत. 'जा फ्रूखीला' म्हणजे 'चल, चालता हो'. १ सप्टेंबर १९८५ रोजी, आपण अकरावीत नवेनवे होतो तेव्हा, याच फ्रूखीचा क्रिकेट संघ बॅगपाइप वाजवत लॉर्ड्सवर शिरला. ग्रामीण क्रिकेट स्पर्धेची अंतिम फेरी होती, समोर सरे परगण्यातलं राउलेज. दोघांच्याही धावा १३४. फ्रूखीचे गडी कमी बाद झालेले, म्हणून चषक त्यांचा. हजारेक वस्तीच्या गावात आजही ती गोष्ट कालची असल्यासारखी सांगतात. मला ती इतक्यांदा ऐकावी लागली आहे की मीच त्या संघात होते असं वाटू लागलंय.

आता आपल्याकडे येते. आमंत्रणाबरोबर सभागृहाच्या निधीचं पत्रक आलं. नकाशा नीट पाहिला. सभागृह येणार ते चिंचेपासून खो-खोच्या दुसऱ्या खांबापर्यंत. आपल्याकडे राजवाडा नव्हता. होती ती तेवढीच जागा.

बाई, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगते. शनिवारी शाळा सुटल्यावर मैदान मुलींचं, हा नियम तुम्ही केलात. कुणाकुणाचे वडील तक्रार घेऊन आले होते. तुम्ही स्वतः फक्की मारून रेघा आखल्यात. त्या रेघांवर मी धावायला शिकले. घर सोडून इतक्या लांब जायचं धैर्य मला दुसरीकडे कुठे मिळालं असेल, असं वाटत नाही.

सभागृह हवंच, पावसाळ्यात मुलं व्हरांड्यात दाटीवाटीने बसतात हे मला ठाऊक आहे. पण मागची कार्यानुभवाची खोली पडलेली आहे. तिथे का नको? माझा वाटा मी आजच देते, फक्त पावतीवर जागा लिहून द्या.

जेवणानंतर ती जागा मोजायला कोण येतंय? टेप मी आणली आहे.