धूमकेतूचा फोटो आणि धूमकेतूची नोंद



या संमेलनाची अध्यक्ष म्हणून मी बोलते आहे. वेळ थोडा आहे आणि विषय जिव्हाळ्याचा, तेव्हा थेट त्याकडेच वळते.

२०२५ च्या दिवाळीत लेमन धूमकेतू पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला तो २१ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येला. अंतर साधारण नऊ कोटी किलोमीटर. चंद्राचा अडथळा नाही, धूमकेतू संध्याकाळच्या आकाशात, आणि त्या आठवड्यात देशोदेशीच्या हौशी मंडळींनी कॅमेरे रोखले. हिरवट डोकं, निळसर पुच्छ, पुच्छातले पीळ, सगळं फोटोंत उतरलं. आता त्यातले बहुतेक फोटो कुठे आहेत? फोनमध्ये आणि समाजमाध्यमांवर, आकाराने आक्रसलेले, काढल्याची वेळ न लिहिलेले. मूळ फाइल अनेकांनी जागा कमी पडते म्हणून पुसूनही टाकली असेल. मला याचं मनापासून वाईट वाटतं, आणि आज मी त्याबद्दलच बोलणार आहे.

या सभागृहात दोन मीटरच्या दुर्बिणीवर काम करणारे आहेत आणि दोनशे मिलिमीटरच्या लेन्सवर काम करणारेही. दोघांमध्ये एक सभ्य अंतर असतं. एक म्हणतो, ‘आमची आपली हौस.’ दुसरा म्हणतो, ‘फोटो छान आलाय.’ धूमकेतूच्या बाबतीत ही दोन्ही वाक्यं चुकीची आहेत असं माझं ठाम मत आहे. इथे लहान भिंगाचं काम मोठ्या भिंगाला करता येत नाही, आणि हे धूमकेतूच्या छायाचित्रणाच्या पहिल्या दिवसापासून खरं आहे.

२७ सप्टेंबर १८५८ ला इंग्लंडमधल्या सरे परगण्यात विल्यम अशरवुड या व्यक्तिचित्रं काढणाऱ्या छायाचित्रकाराने आपला कॅमेरा डोनाटी धूमकेतूकडे वळवला. एफ/२.४ ची लेन्स, सात सेकंदांचं एक्स्पोजर. छायाचित्राच्या काचेवर डोकं उमटलं, पुच्छाचा काही भागही उमटला. धूमकेतूचा हा जगातला पहिला फोटो. दुसऱ्याच रात्री अमेरिकेत हार्वर्ड वेधशाळेत जॉर्ज बाँड यांनी पंधरा इंची भव्य दुर्बिणीला काच लावली. सहा मिनिटं प्रकाश घेऊनही गाभ्याजवळचा तेवढा तेजस्वी भाग आला, पुच्छ आलंच नाही.

कारण साधं आहे आणि आजही तेच लागू पडतं. ताऱ्यासारख्या बिंदूसाठी भिंगाचा व्यास महत्त्वाचा. पण धूमकेतूसारख्या पसरट वस्तूचा उजेड प्रतिमेत किती दाट पडेल, हे फोकल लांबी आणि व्यास यांच्या गुणोत्तरावर ठरतं. हार्वर्डची दुर्बीण साधारण एफ/१८ ची होती. हिशेब केला तर अशरवुडच्या काचेच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर पन्नास पटींहून अधिक प्रकाश पडत होता. मोठ्या वेधशाळेला जे जमलं नाही ते स्टुडिओतल्या लेन्सने केलं, यात चमत्कार काही नव्हता.

पण पुढचा भाग ऐका. अशरवुडचा तो फोटो आज अस्तित्वात नाही. बाँड यांनी मात्र त्या धूमकेतूवर सविस्तर ग्रंथ लिहिला, तो १८६२ मध्ये हार्वर्ड वेधशाळेच्या ग्रंथमालेत छापला गेला आणि आजही वाचता येतो. योग्य लेन्स एकाकडे होती, दप्तर दुसऱ्याकडे.

ही दोन्ही एकत्र आली ती १८८२ मध्ये, केप ऑफ गुड होपला. त्या वर्षीचा सप्टेंबरचा महान धूमकेतू दिवसाउजेडीही सूर्याजवळ दिसत होता. तिथल्या वेधशाळेचे प्रमुख डेव्हिड गिल यांच्याकडे दुर्बीण होती, फोटोचं तंत्र नव्हतं. जवळच्या मोब्रे गावचे छायाचित्रकार ॲलिस यांच्याकडे कॅमेरा होता, पण आकाशाबरोबर फिरणारं बूड नव्हतं. दोघांनी मिळून कॅमेरा दुर्बिणीच्या पाठीवर बांधला. आज आपण ज्याला पिगीबॅक म्हणतो तेच हे. दोन तासांपर्यंतची एक्स्पोजर घेतली. धूमकेतू तर आलाच, पण त्याच्या मागे तारे इतके उमटले की काचेवरून ताऱ्यांची मोजदाद करता येईल हे गिल यांच्या ध्यानात आलं. त्यातून दक्षिण आकाशातल्या साडेचार लाखांहून अधिक ताऱ्यांची सूची तयार झाली, आणि १८८७ मध्ये पॅरिसला साऱ्या आकाशाचं छायांकन वाटून घेण्याची योजना ठरली. त्या योजनेतला एक पट्टा पुढे हैदराबादच्या निजामिया वेधशाळेने पूर्ण केला. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. हे सारं सुरू झालं एका गावच्या फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यापासून, आणि ते टिकलं ते गिल यांनी काचा, वेळा, मोजमापं जपून ठेवली म्हणून.

आता आजच्याकडे येऊ. जुन्नरजवळ गिरवलीला आयुका या संशोधन संस्थेची दोन मीटरची दुर्बीण आहे, लडाखमध्ये हानलेला हिमालयन चंद्र दुर्बीण आहे, तीही दोन मीटरची. त्यांच्या प्रतिमा घेणाऱ्या उपकरणांना एका वेळी दिसतं ते आकाश साधारण दहा कलांचं (साठ कला म्हणजे एक अंश). पूर्णचंद्र तीस कलांचा असतो. तेजस्वी धूमकेतूचं पुच्छ मात्र कित्येक अंश पसरतं. म्हणजे मोठी दुर्बीण गाभ्याजवळची वायूची कारंजी दाखवेल, वर्णपटातून कोणते रेणू आहेत ते सांगेल, पण पुच्छ तिच्या चौकटीत मावणारच नाही. शिवाय तेजस्वी धूमकेतू बहुधा सूर्याजवळ, संधिप्रकाशात, क्षितिजालगत असतात. मोठ्या दुर्बिणींना इतकं खाली झुकता येत नाही. तिथे तिपाई घेऊन पश्चिमेच्या कड्यावर उभा असलेला माणूसच हवा.

वेधशाळांनाही हे ठाऊक आहे. १९९७ च्या एप्रिलमध्ये हेल-बॉप धूमकेतूला धूळ आणि आयन यांच्याखेरीज सोडियमचं तिसरं पुच्छ असल्याचं उघड झालं, ते ला पाल्मा बेटावरच्या वेधशाळेत. पण तिथल्या महाकाय आरशांनी नव्हे, रुंद क्षेत्र पाहणाऱ्या लहान कॅमेऱ्याने आणि सोडियमच्या पिवळ्या प्रकाशापुरत्या फिल्टरने. त्या वसंतात तो धूमकेतू अक्षरशः कोट्यवधी लोकांनी पाहिला होता आणि हजारोंनी टिपला होता. फिल्टर योग्य निवडणं एवढाच फरक होता.

आयनांच्या निळ्या पुच्छाबद्दल थोडं थांबून बोलते, कारण माझ्या मते धूमकेतूच्या फोटोतला सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. सूर्याकडून विद्युतभारित कणांचा झोत सतत वाहत असतो, हे आज शाळकरी मुलांनाही माहीत आहे. पण अंतराळयानांनी तो मोजण्याच्या कितीतरी आधी, १९५१ मध्ये, लुडविग बिअरमान या जर्मन शास्त्रज्ञाने तो ओळखला, तो धूमकेतूंच्या पुच्छांवरून. नुसत्या सूर्यप्रकाशाचा दाब ही पुच्छं अशी वागण्याला पुरत नाही, असं त्यांनी दाखवलं. धूमकेतूचं निळं पुच्छ ही सौरवाऱ्यात फडकणारी पताका आहे. वाऱ्यात भोवरा आला की ती पिळवटते, कधी तुटते आणि नवी फुटते. एप्रिल २००७ मध्ये सूर्यावरून निघालेल्या एका उद्रेकाने एंके धूमकेतूचं पुच्छ तोडून नेताना ‘स्टिरिओ’ यानाने पाहिलं.

हे काही तासांत घडतं. संध्याकाळचा धूमकेतू जपानमध्ये मावळतो तेव्हा आणि युरोपात अंधार पडतो तेव्हा, यांच्या मध्ये जो मोठा काळ असतो त्यात आकाश आपल्याकडे असतं. १९८६ च्या हॅले धूमकेतूसाठी आंतरराष्ट्रीय पातळीवर जी निरीक्षणांची साखळी उभारली गेली, तिच्यात पुच्छांच्या रुंद छायाचित्रांचा वेगळा गट होता आणि हौशी निरीक्षकांचाही. आपल्या रेखांशावरून कोणी फोटो घेतला नाही, तर त्या तासांत पुच्छाला काय झालं हे कधीच कळणार नाही. म्हणून नाशिकच्या, सांगलीच्या, गोव्याच्या एखाद्या तरुणाने घेतलेली तीस फ्रेमची मालिका ही वेधशाळेच्या कामाला दिलेली जोड नसते. त्या वेळेपुरती तीच एकमेव वेधशाळा असते.

अचानकपणाबाबतही तसंच. ऑक्टोबर २००७ मध्ये, कोजागरीच्या सुमारास, सतराव्या प्रतीचा, म्हणजे अतिशय मंद असलेला होम्स धूमकेतू दिवस-दोन दिवसांत पाच लाख पटींनी उजळला आणि नुसत्या डोळ्यांनी दिसू लागला. तो पहिल्यांदा लक्षात आला तो हौशी निरीक्षकाच्या. कोणत्याही मोठ्या दुर्बिणीचं वेळापत्रक असल्या घटनेसाठी मोकळं नसतं. चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेबद्दल तरुण मंडळी मला विचारतात: ८.४ मीटरचा आरसा, साडेतीन अंशांचं क्षेत्र, मग आमची गरज काय? ती दुर्बीण मंद, दूरचे धूमकेतू ढिगाने शोधेल आणि ते फार मोठं काम असेल. पण तेजस्वी धूमकेतू तिच्या संवेदकाला झेपणारा नाही. तो जितका उजळ, तितका तो तुमचा.

आता कारागिरीचं. धूमकेतू ताऱ्यांबरोबर चालत नाही. दिवसाला चार अंश सरकणारा धूमकेतू मिनिटाला दहा विकला सरकतो. पाच मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये पन्नास विकला, म्हणजे गाभ्याची रेघ. म्हणून एक्स्पोजर लहान ठेवा आणि फ्रेम पुष्कळ घ्या, हे सगळे जाणतात. मग त्याच फ्रेम एकदा ताऱ्यांवर आणि एकदा धूमकेतूवर जुळवून दोन्ही थर एकत्र करतात. याला माझा आक्षेप नाही, फक्त ते खाली लिहा. असा फोटो कुठल्याच एका क्षणाचा नसतो, आणि पुच्छातल्या हलणाऱ्या गाठी त्यात पुसट होतात.

माझी खरी काळजी दुसरी आहे. शहराच्या उजेडाचा उतार काढून टाकणारी साधनं आपण सर्रास वापरतो. पुच्छाची मंद बाहेरची कड त्यांना उजेडाचा उतारच वाटते आणि ती बिनबोभाट खाल्ली जाते. गाभ्याभोवतीची कारंजी दाखवणारा लार्सन-सेकानिना फिल्टर उत्तम आहे, पण केंद्र एक-दोन पिक्सेलने चुकलं तरी तो नसलेली कारंजी दाखवतो. आणि अलीकडची कृत्रिम बुद्धिमत्तेची धार लावणारी साधनं तर निळ्या पुच्छात तंतू काढून देतात, जे आकाशात कधी नव्हतेच. रंगांनाही अर्थ आहे. डोक्याचा हिरवा रंग दोन अणूंच्या कार्बन रेणूचा. सूर्यप्रकाशात तो रेणू फुटतो, म्हणून तो हिरवा रंग पुच्छात लांबवर जात नाही. कोणी पुच्छही हिरवंगार करून दाखवलं की मला आनंद होत नाही. भिंतीवर लावायला हवा तसा फोटो करा, जरूर करा, पण मूळ रॉ फाइलला हात लावू नका.

टिकवण्याबद्दलही बोलायला हवं. १९१० चा हॅले कोडाईकनालला जॉन एव्हरशेड यांनी काचेवर टिपला. १९४९ मध्ये हार्वर्डला शिकणाऱ्या वेणू बप्पूंना धूमकेतू सापडला तो छायाचित्राच्या काचेवरच, आणि त्यांचं नाव त्याला मिळालं. काच जपली की शंभर वर्षांनीही वाचता येते. आपल्या हार्ड डिस्कबद्दल असं म्हणता येईल का? हॅले पुन्हा सूर्याजवळ येईल तो जुलै २०६१ मध्ये, म्हणजे आपल्याकडे ऐन पावसाळ्यात. तेव्हा महाराष्ट्राला लडाखच्या, राजस्थानच्या, परदेशातल्या मित्रांच्या फोटोंवर अवलंबून राहावं लागेल. आज आपण जे साठवू ते त्यांना उपयोगी पडावं, अशा रीतीने साठवायला हवं.

अंधाराचाही विचार करा. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये अंधाऱ्या आकाशाचं उद्यान म्हणून मान्यता मिळाली, ही महाराष्ट्रासाठी मोठी गोष्ट आहे. अशी आणखी ठिकाणं मागायला हवीत, आणि ती मागताना आपल्याकडे तिथे घेतलेल्या नोंदी असल्या तर बोलणं वजनदार होतं.

उद्या सकाळच्या सत्रात मी एक ठराव मांडणार आहे. धूमकेतूच्या प्रत्येक फोटोबरोबर जागतिक वेळेत सुरुवात आणि शेवट, स्थळ, लेन्स, संवेदक, फिल्टर आणि फ्रेमची संख्या लिहिली जावी. प्रक्रिया न केलेल्या फाइल, डार्क आणि फ्लॅट या दुरुस्तीसाठी घेतलेल्या फ्रेमसह, संमेलनाच्या सामायिक संग्रहात ठेवल्या जाव्यात. त्यांच्या दोन प्रती दोन वेगळ्या गावांत राहाव्यात, आणि दर पाच वर्षांनी त्या उघडून तपासण्याची जबाबदारी नावानिशी कोणावर तरी असावी. वेधशाळांतल्या सहकाऱ्यांना माझी विनंती आहे की, तुम्ही ज्या रात्री धूमकेतूचा वर्णपट घेणार असाल त्याची वर्दी आम्हाला आधी द्या, म्हणजे त्याच रात्री रुंद फोटो घेता येतील. आणि ते फोटो शोधनिबंधात वापरलेत तर काढणाऱ्याचं नाव आभारात नव्हे, लेखकांत घाला. ठरावाचा मसुदा बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. त्यात दुरुस्त्या सुचवायच्या असतील त्यांनी आज रात्रीपर्यंत त्या लिहून द्याव्यात.