पिस्टन हलका केला, मग इंजिन का फुटलं?

आजचा एपिसोड इंजिनाच्या पोटातल्या भागांवर आहे. पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि रॉडचे बोल्ट. हलकं घ्यायचं की मजबूत घ्यायचं, हा प्रश्न कार मॉडिफाय करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पडतो. मला तो जरा महागात पडला. म्हणजे खरं तर माझ्या मित्राला. पण चूक माझीही होती, म्हणून आधी तीच सांगतो.

माझा कॉलेजचा मित्र. त्याच्याकडे एक जुनी पेट्रोल सेदान. दोन वर्षं पैसे साठवून त्याने इंजिन खोललं आणि हलके फोर्ज्ड पिस्टन टाकले. रॉड मात्र कंपनीचेच ठेवले, आणि रॉडचे बोल्टसुद्धा जुनेच. मशीन शॉपवाले काका म्हणाले होते, "पोरांनो, बोल्ट नवे टाका. एकदा ताणलेला बोल्ट परत तसा बसत नाही." आम्ही म्हटलं, हो काका, पुढच्या महिन्यात बघू.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे ईसीयूचं काम माझ्याकडे. मित्र म्हणाला, "अरे, लिमिट वाढव ना. पिस्टन हलके आहेत आता." मी ६,८०० चा आकडा खोडला आणि ८,००० टाकला. लॅपटॉपवर दोन सेकंदांचं काम. तिसऱ्या ट्रॅक डेला, सरळ पट्ट्यावर, एक बोल्ट तुटला. रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला आणि ट्रॅकभर ऑइल. कुणाला काही झालं नाही, मागून येणारा वेळेत थांबला. पण मित्राचं दोन वर्षांचं सेव्हिंग तिथेच सांडलं होतं.

त्या रात्री घरी येऊन मी जे गणित केलं, ते आधी करायला हवं होतं. आज तेच तुमच्यासोबत करतो.

उदाहरण घेऊ होंडा एस२००० चं. १९९९ साली आलेली गाडी, २ लिटरचं एफ२०सी इंजिन, टर्बो नाही, आणि रेडलाइन ९,००० आरपीएम. स्ट्रोक ८४ मिमी. ९,००० आरपीएम म्हणजे सेकंदाला १५० फेऱ्या. प्रत्येक फेरीत पिस्टन एकदा वर जाऊन थांबतो, एकदा खाली येऊन थांबतो. म्हणजे सेकंदाला ३०० वेळा पूर्ण थांबायचं आणि परत पळायचं. सरासरी वेग सेकंदाला २५ मीटर, ताशी जवळपास ९० किलोमीटर.

आता हा पिस्टन वरच्या टोकाला थांबवून परत खाली कोण खेचतं? रॉड. तिथे लागणारं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या साधारण ४,८०० पट येतं. पिस्टन, पिन आणि रिंगा मिळून समजा ४०० ग्रॅम. मग रॉडवर ताण सुमारे १,९०० किलोचा! दोन छोट्या हॅचबॅक त्या रॉडला टांगल्यात असं समजा. आणि दहा ग्रॅम वजन कमी केलं, की त्यातले ४८ किलो कमी होतात. हलक्या पिस्टनचं कौतुक उगाच नाही.

पण इथेच आम्ही फसलो. हा ताण वजनाच्या सरळ प्रमाणात वाढतो आणि आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात. ६,८०० वरून ८,००० म्हणजे वेग १८ टक्क्यांनी जास्त, पण ताण ३८ टक्क्यांनी जास्त. आम्ही पिस्टनमध्ये ५० ग्रॅम वाचवले होते. पण बोल्टला फक्त पिस्टन दिसत नाही, खालची टोपी सोडून जवळपास अख्खा रॉडही त्याच्यावरच लटकलेला असतो. ते सगळं मिळून ८०० ग्रॅम धरा. त्यातले ५० गेले, म्हणजे सहा टक्के बचत. सहा टक्के कमावले आणि ३८ टक्के उधळले. शेवटी जुन्या बोल्टांवर ३० टक्के जास्त भार. साधा हिशेब, पण तेव्हा केला नाही.

आता अनेकांना वाटतं की स्फोटाच्या दाबाने रॉड तुटतो. दाब असतोच, पण तो रॉडला दाबतो. ताणतो तो एक्झॉस्ट स्ट्रोकचा शेवट. तिथे वर गॅसचा दाब नसतो, पिस्टन मोकळा वर पळत असतो आणि त्याला बोल्टांच्या जोरावर खेचून आणावं लागतं. म्हणून एक नियम लक्षात ठेवा. टर्बो लावून टॉर्क वाढवताय, तर रॉड दबून वाकू नये म्हणून जाड, मजबूत रॉड घ्या, चार ग्रॅम जास्त चालतील. आरपीएम वाढवताय, तर वजन कमी करा आणि बोल्ट उत्तम घ्या.

मग मटेरियल कोणतं? सगळ्यांचं लाडकं नाव टायटॅनियम. १९९० च्या होंडा एनएसएक्समध्ये टायटॅनियमचे रॉड होते, आणि ३ लिटरचं व्ही६ इंजिन ८,००० पर्यंत जायचं. टायटॅनियमची घनता ४.४, स्टीलची ७.८. म्हणजे जवळपास निम्मं वजन. पण गंमत बघा. ताठरपणासुद्धा जवळपास निम्माच. अॅल्युमिनियम घ्या, वजन एक तृतीयांश आणि ताठरपणाही एक तृतीयांश. ताठरपणा भागिले वजन केलं तर तिन्ही धातू जवळजवळ सारखेच निघतात! टायटॅनियम जिंकतं ते वजनाच्या तुलनेत ताकदीवर. म्हणून तो रॉड तुटायला अवघड, पण ताणाखाली जास्त लांबतो. शिवाय स्टीलवर घासला की चिकटून खरवडतो, म्हणून बाजूंना कोटिंग लागतं.

अॅल्युमिनियमचे रॉड ड्रॅग रेसिंगमध्ये चालतात. तिथे काही सेकंदांची शर्यत असते आणि रॉड नियमित बदलतात. अॅल्युमिनियमला थकव्याची खालची मर्यादा नसते. कमी भार असला तरी फेऱ्या मोजल्या जात राहतात. रोज ऑफिसला जायच्या गाडीत ते नको.

पिस्टनमध्येही असाच सौदा आहे. फोर्ज्ड पिस्टनचे दोन मिश्रधातू तुम्हाला कॅटलॉगमध्ये दिसतील, ४०३२ आणि २६१८. ४०३२ मध्ये सुमारे १२ टक्के सिलिकॉन असतं, तो तापल्यावर कमी फुगतो, त्यामुळे सिलिंडरमध्ये नीट बसतो आणि आवाज कमी. २६१८ मध्ये सिलिकॉन नावाला. तो जास्त चिवट, मार खातो पण फुटत नाही. मात्र जास्त गॅप ठेवावा लागतो, म्हणून थंड इंजिन सकाळी टकटक करतं. रस्त्यावर चालवायची असेल तर ४०३२, भरपूर बूस्ट असेल तर २६१८.

मग आता बजेट कमी असेल तर काय करायचं? माझा क्रम सांगतो. पहिले नवे, चांगल्या प्रतीचे रॉड बोल्ट, आणि ते फक्त टॉर्क रेंचच्या भरवशावर नाही, तर शक्य तिथे लांबी किती वाढली हे मोजून कसलेले. दुसरं, फोर्ज्ड स्टील रॉड. तिसरे पिस्टन. आणि सगळे भाग वजनाला सारखे करून घ्या. सोनाराच्या काट्यासारखा छोटा डिजिटल काटा मिळतो, तो आणा. चारही पिस्टनचं वजन एकसारखं हवं, आणि रॉडची दोन्ही टोकं वेगवेगळी तोलायची. रेव्ह लिमिट सगळ्यात शेवटी. तो आकडा फुकट बदलता येतो, म्हणूनच तो सगळ्यात धोकादायक आहे.

मित्राने गेल्या महिन्यात दुसरा ब्लॉक आणला. अर्धे पैसे मी दिले, त्याने मागितले नव्हते. त्याच काकांकडे गेलो. त्यांनी काही विचारलं नाही, फक्त हात पुढे केला आणि म्हणाले, "बोल्ट?" मी नवं पाकीट त्यांच्या हातावर ठेवलं. लिमिट सध्या ६,८०० वरच आहे.

तुमच्या प्रोजेक्टमध्ये काय टाकलंय, कमेंटमध्ये सांगा. वजन लिहिलंत तर गणित मी करून देईन. भेटू पुढच्या एपिसोडला. तोवर, सांभाळून चालवा!