कललेले झाड तोडताना



वादळानंतर बांधावरची बाभूळ कलते आणि आपण करवत घेऊन ती स्वतःच तोडायला जातो. परंतु कललेल्या झाडाच्या पाठीकडचे लाकूड ताणलेले असते. केवळ पाठीकडून काप घेतल्यास काप पुरा होण्याआधीच झाड झुकते, बुंधा उभा चिरतो आणि चिरलेला भाग उसळून तोडणाऱ्याच्या अंगावर येतो. यात जीवही जातो. म्हणून पुढील काळजी घ्यावी :

१. झाड कलाच्या दिशेनेच पाडावे. दोर लावून उलट ओढू नये.

२. मागे तिरकस जाणाऱ्या दोन वाटा आधी मोकळ्या कराव्यात. इतर माणसे व जनावरे झाडाच्या उंचीच्या दुपटीहून दूर ठेवावीत.

३. कापाच्या जागेच्या वर बुंध्याला साखळी घट्ट आवळावी.

४. कलाकडून प्रथम खाच घ्यावी. ती जाडीच्या पाचव्या भागापेक्षा खोल नसावी, नाहीतर करवत अडकते.

५. मागचा काप खाचेच्या किंचित वर, बाजूला उभे राहून घ्यावा. जाडीच्या दहाव्या भागाएवढे लाकूड न कापता सोडावे. तीच झाडाची बिजागरी. कडकड आवाज येताच दूर व्हावे.

मुळे उचललेले, पोकळ किंवा दुसऱ्या झाडात अडकलेले झाड माहीतगारावरच सोपवावे. वीजतारेजवळचे असल्यास आधी वीज कंपनीला कळवावे. साग, आंबा, चिंच, जांभूळ यांसाठी १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमानुसार परवानगी घ्यावी.

झाड चार दिवस उशिरा पडले तरी बिघडत नाही.