कांताबाईंचा फड आणि आमच्या गटातली मावशी

भाकरी थापत असाल तर थापत राहा, हात कामात आणि कान इकडं असले तरी पुरे.

मागच्या महिन्यात आमच्या गटांचा मेळावा झाला. त्यात आम्ही कांताबाई सातारकरांवर बोलायचं ठरवलं. नाव काढलं तसा मागून आवाज आला, "तमाशातल्या बाईचं काय सांगायचं त्यात?" आम्ही म्हटलं, आधी ऐका तर खरं.

कांताबाईंचा जन्म 1939 सालचा, गुजरातेतला. आईवडील तिथं दगडाच्या खाणीवर कामाला होते. पुढं कुटुंब साताऱ्याला आलं. पोरीला नाचाचं वेड, बघून बघून शिकली आणि कोवळ्या वयातच रंगमंचावर उभी राहिली. मग तमाशा, मग मुंबई. तुकाराम खेडकर हे त्या वेळचे नामांकित फडमालक. त्यांच्या फडात कांताबाईंचं नाव झालं, पुढं त्यांच्याशीच संसार झाला. 1964 साली खेडकर गेले. पदरात लहान पोरं. काही वर्षांनी त्यांनी स्वतःचा फड उभा केला.

फड उभा करणं म्हणजे काय, हे आपल्याला बरं कळेल. तंबू, कनाती, गाड्या आणि पन्नास-साठ माणसांचं दोन वेळचं जेवण. दसऱ्याला हंगाम सुरू होतो, वैशाखात जत्रा संपल्या की संपतो. पावसाळ्यात कमाई नाही, पण कलावंतांना हंगामाआधी उचल द्यावी लागते, नाहीतर ते दुसऱ्या फडात जातात. ऐन जत्रेत अवकाळी आला की त्या रात्रीचं तिकीट गेलं, चूल मात्र पेटवावीच लागते. आपल्या गटात दहाजणी, तरी एकीचा हप्ता तटला की बैठकीत आवाज चढतात. त्यांनी हे वर्षानुवर्षं केलं. फडाच्या पाटीवर मुलाच्या, रघुवीर खेडकरांच्या नावाबरोबर त्यांचं नाव झळकलं. राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला. मे 2021 मध्ये त्या गेल्या.

सांगलीजवळच्या कवलापूरचे काळू-बाळू आठवतात ना? त्यांचं नाव सगळे छाती पुढं काढून सांगतात. मग बाईचं सांगताना आवाज खाली का येतो? आम्ही हे विचारलं आणि सभा गप्प झाली.

तेवढ्यात आमच्या गटातली एक मावशी उठली. सात वर्षं आमच्यात आहे, बचत एकदाही चुकली नाही, बोलते कमी. म्हणाली, "मी बी नाचलीया. अठरा वर्सं." कुणाला ठाऊक नव्हतं. तिला आम्ही स्टेजवर बोलावलं, तर आधी येईना. मग आली, माईक मात्र दोन्ही हातांनी धरला.

सांगत होती, आई फडात होती म्हणून तीही गेली. पहिल्या रात्री घुंगरांनी पाय सोलू नयेत म्हणून आईनं खाली चिंध्या गुंडाळल्या होत्या. नाच संपल्यावर ती गाडीत झोपली, सकाळी उठली तर दुसरंच गाव. "गावं लई बघितली, पर रातचीच," असं म्हणाली आणि हसली. आम्ही हसलो नाही. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा तिनं फोटो आणि फडाची हँडबिलं, सगळं चुलीत घातलं. जावयाला कळू नये म्हणून.

आता खरी अडचण इथंच आहे. ज्येष्ठ कलावंतांना शासनाकडून दरमहा 5000 रुपये मानधन मिळतं, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना आहे. वय किमान 50 आणि कलेत किमान 15 वर्षांचं काम, ही अट. मावशीचं दोन्ही बसतं. पण कामाचा पुरावा लागतो, आणि तो तिनं स्वतःच्या हातानं जाळला.

मेळाव्यानंतर आम्ही दोघी-तिघी तिच्या घरी गेलो. जुन्या जत्रा कमिटीच्या वह्या, फडातल्या इतर कलावंतांकडचे फोटो, कुठं काय मिळेल याची यादी केली. तुमच्या गावातल्या पेटीत एखादं जुनं हँडबिल असेल तर टाकून देऊ नका, आम्हाला कळवा.

निघताना मावशीनं दारातच थांबवलं. म्हणाली, "अर्ज भरू, पर आधी लेकीला सांगू द्या." रविवारी लेक येणार आहे.